बाजूच्या फायलीतली माणसं

लग्न जुळवणाऱ्या बाईला लोक हटकून दोन प्रश्न विचारतात. तुमचं स्वतःचं कसं जुळलं, आणि तुम्ही जुळवलेलं एखादं मोडलं का? पहिल्याचं उत्तर मी आनंदाने देते. माझं माझ्या मामीने जुळवलं. नवऱ्याला मी साखरपुड्याच्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि तेव्हा तो सारखा शिंकत होता. दुसरा प्रश्न मात्र आजवर मी हसून टाळत आले. आता केंद्र बंद केलंय, गुडघ्यांनी संप पुकारलाय, आणि या अंकाच्या संपादकांनी "धंद्यातले अनुभव लिहा" म्हणून पिच्छा पुरवलाय. तेव्हा त्या दुसऱ्या प्रश्नाचंच उत्तर लिहिते. यातली नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत माझं वधूवर सूचक केंद्र होतं. गिऱ्हाईक बहुतेक आमच्या बौद्ध समाजातलं. शिक्षक, क्लार्क, आरोग्यसेविका, आणि मुंबईला नोकरी करणारी मुलं. ही मुंबईची मंडळी मे महिन्यात दहा दिवसांसाठी येणार, त्यात मुलगी बघणार, पसंत करणार, आणि जमलंच तर पुढच्या रविवारी विहारात लग्न लावून सोमवारच्या गाडीला बसणार. घाई त्यांची आणि धाप मला.

आमच्यात पत्रिका बघत नाहीत. ज्यांच्यात बघतात त्यांची एक सोय असते, मोडलं तर ग्रहांवर ढकलता येतं. माझ्याकडे ढकलायला ग्रह नव्हते, म्हणून मी माणसंच तपासून घ्यायची. त्यासाठी माझी एक पद्धत होती आणि तिचा मला फार अभिमान होता. फॉर्म भरून झाला की आईबापांना मी खाली चहाच्या टपरीवर पाठवायची आणि मुलाला किंवा मुलीला एकटं समोर बसवून दहा मिनिटं बोलायची. शेवटचा प्रश्न ठरलेला: लग्न का करायचंय? जे उत्तर येईल ते त्याच्याच शब्दांत फॉर्मच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवायचं. पेन्सिलीने अशासाठी, की माणूस सहा महिन्यांत बदलतो, मग खोडून नवं लिहिता येतं.

काय काय उत्तरं यायची! "आईच्या हाताला आराम." "बॅचलरला खोली देत नाहीत." एक मुलगी म्हणाली होती, मला घरात कुणीतरी माझ्यापेक्षा बावळट हवंय. तिला मी तसाच शोधून दिला, दोघं मजेत आहेत. संगमेश्वरकडचे एक गृहस्थ खिशात मोजायची टेप घेऊन मुली बघत फिरायचे आणि चपला काढायला लावून उंची मोजायचे. तिसऱ्या घरातल्या मुलीने ती टेप त्यांच्या हातातून काढून घेतली आणि त्यांच्या मुलाची छाती मोजली. लग्न तिथेच ठरलं. टेप आता तिच्या शिवणाच्या डब्यात असते.

माझ्याकडे दोन फायली होत्या, मुलांची हिरवी आणि मुलींची लाल. तिसरीही एक होती, रंग उडालेली, तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी तिला बाजूची फाईल म्हणायची. दहा मिनिटांच्या बोलण्यात ज्यांच्या तोंडून "नको" निघायचं, त्यांचे फॉर्म मी त्यात टाकायची. कुणाला शिकायचं असायचं, कुणाचं बाहेर जमलेलं असायचं. ती माणसं महिन्या-दोन महिन्यांनी आपल्या जागी परत जायची. पण काही फॉर्म तिथेच राहायचे. मुलगा असून मुलगी नको म्हणणारे, मुलगी असून मुलगा नको म्हणणाऱ्या, काहीच नको म्हणणारे. त्या सगळ्यांना मी मनात एकच नाव दिलं होतं, "तसे". मी स्वतःला फार पुढारलेली समजायची, कारण मी कुणाला हाकलून दिलं नाही, कुणाच्या आईबापाला सांगितलं नाही. तसे म्हणजे नक्की कसे, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

त्यात एका मास्तराने माझी आणखी फसगत केली. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. दापोलीकडचा हा मुलगा माझ्यासमोर बसला आणि कॉलेजात असताना आपल्याला एक मित्र तीन वर्षं जिवापाड आवडत होता, हे त्याने सरळ सांगून टाकलं. ते संपलं, आणि आता शाळेतली एक शिक्षिका तितकीच आवडते आहे. तिला आधीचं सांगावं का, एवढाच त्याचा प्रश्न होता. मी म्हटलं, सांग. त्याने सांगितलं, तिने पंधरा दिवस विचार केला आणि हो म्हणाली. त्यांची मुलगी आता शाळेत जाते. जाताना तो मला म्हणाला होता की यातलं काही सुटलेलं नाही, मला दोन्ही प्रकारची माणसं आवडू शकतात, फक्त आता ही आवडली आहे. मी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. माझ्या लक्षात एवढंच राहिलं, की तसा होता आणि लग्न झाल्यावर सरळ झाला. पुढे जे केलं ते या खोट्या धड्याच्या जोरावर केलं.

मिलिंदची आई माझ्याकडे आली ती हातात तांदळाच्या पिठाची पिशवी घेऊन. नवरा नाही, एकच मुलगा, तो मिरजोळ्याला कारखान्यात सुपरवायझर, आणि ही गावी दोन शेळ्या आणि थोडी भातशेती सांभाळणारी. "बाय, माजा पोरगा वंगाळ नाय," ती म्हणाली. "कामाला चोख हाय. पन लग्नाचं नाव काडलं की ताटावरनं उटतो." मी तिला म्हटलं, वहिनी, त्याला एकट्याला पाठवून द्या.

तो दुसऱ्या दिवशी पाळी संपवून आला. तिशी ओलांडलेला, अंगाने शिडशिडीत, बोलणं हळू. दर जयंतीला विहाराचं लायटिंग तोच करायचा, म्हणून मी त्याला चेहऱ्याने ओळखत होते. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मावशी, लोक ज्याला आवडणं म्हणतात ना, ते अंगाचं, ते माझ्यात नाहीच. ना बाईबद्दल, ना पुरुषाबद्दल. मित्र गोष्टी सांगायचे तेव्हा मी नुसता हसायचो. वाटायचं, मला उशिरा येत असेल. तिशी आली, ते काही आलं नाही." डॉक्टरकडे जाऊन आला होता. तब्येतीत काही कमी नाही म्हणून त्यांनी परत पाठवलं होतं. मग लग्न कशाला करतोस, असं मी विचारलं. "जेवायला एकटा बसतो, मावशी. दिवसभरात काय झालं ते सांगायला कुणी नाही. मला सोबत हवी, बाकी नको. जी येईल तिला हे आधी सांगा. मला कुणाला फसवायचं नाही."

मी पेन्सिलीने लिहिलं, "सोबत हवी, बाकी नको." आणि फॉर्म बाजूच्या फायलीत घातला.

सुजाता आली त्याच वर्षी. ही लोट्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती आणि चिपळूणला एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची. वडील एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांनी तिला अक्षरशः हाताला धरून जिना चढवून आणलं. ते टपरीवर गेल्यावर तिने आधी दार लावलं आणि मग म्हणाली, ताई, मला पुरुष नको, कुठलाच नको, तुम्हीच माझ्या बाबांना सांगा की या मुलीचं जमण्यासारखं नाही. कुणी आहे का, असं मी विचारलं. आहे, ती म्हणाली, पण तिच्याशी लग्न होत नाही. मागे मी लिहिलं, "पुरुष नको. मैत्रीण आहे." आणि फॉर्म त्याच फायलीत.

पुढे दोन्ही घरचा तगादा सुरू झाला. मिलिंदच्या आईने दर बाजाराला येऊन माझ्या पायरीवर बसायचं, सुजाताच्या वडिलांनी दर आठवड्याला फोन करायचा. एक दिवस चहा गाळता गाळता मला सुचलं. याला बाईचं काही नको. हिला पुरुषाचं काही नको. दोघांनी एका छपराखाली राहावं, समाजाचं तोंड बंद, आईबाप सुखी, कुणाचं काही बिघडत नाही. इतकं सोपं आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असं वाटून मी स्वतःवर खूष झाले. तो चहा मी उभ्या उभ्या, गॅसपाशीच प्यायले.

दोघांना वेगवेगळं बोलावलं. मिलिंदला सांगितलं, मुलगी अगदी तुझ्यासारखीच आहे. सुजाताला सांगितलं, मुलगा अगदी तुझ्यासारखाच आहे. यापुढे एक शब्द बोलले नाही. वाटलं, इतक्या खाजगी गोष्टी कशाला उगाळायच्या? मग दोघांची भेट माझ्याच खोलीत ठरवली, मोठ्यांना खाली पाठवलं आणि मीही जिन्यात जाऊन उभी राहिले. आत काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. तिने विचारलं, ताईंनी सगळं सांगितलंय ना? तो म्हणाला, हो. मग त्याने विचारलं, तुम्हालाही? ती म्हणाली, हो. दोघंही संकोची, त्यावर पुढे विषय निघाला नाही. ती मनाशी समजली की याचाही कुणी मित्र असेल, हा आपल्या वाटेने जाईल, मी माझ्या. तो समजला की जगात आपल्यासारखं दुसरं माणूस आहे आणि ते आपल्याला मिळालं आहे.

मे महिन्यातल्या रविवारी लग्न झालं. पांढऱ्या साडीत सुजाता छान दिसत होती. मला मानाचं जेवण होतं, मी दोनदा वाढून घेतलं.

पहिल्या वर्षी मिलिंद अधूनमधून वर डोकवायचा. त्याने एक गोल टेबल आणि दोन खुर्च्या घेतल्या होत्या, ते सांगायला आला. सुजाताने रत्नागिरीत नोकरी बघायची असं ठरलं होतं, ती बघत असेल म्हणाला. तोवर ती चिपळूणहून शनिवारी यायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची. एकदा शिंपल्यांची पिशवी हातात घेऊन त्याने विचारलं, मावशी, तिसऱ्या सुक्या करताना ओलं खोबरं शेवटी घालायचं का आधी? तिला आवडतात. मला हसू आलं होतं. सहा दिवस एकट्याने जेवणारा माणूस सातव्या दिवसाची तयारी करत होता, आणि मी त्याला खोबरं शेवटी घाल म्हणून सांगितलं.

दोन वर्षांनी सुजाता आली, एकटीच. फार रडली. ती म्हणाली की शनिवारी मी नाक्यावर उतरते तेव्हा तो बसची वाट बघत उभा असतो, पिशवी हातातून घेतो, आणि त्याचा चेहरा असा उजळलेला असतो की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तो अंगाला हात लावत नाही, लावणारही नाही. पण तो माझ्यावर प्रेम करतो, ताई. आणि माझं प्रेम चिपळूणला आहे.

मी म्हटलं, अगं, पण तो तर तुझ्यासारखाच ना?

तिने डोळे पुसले आणि मला शिकवायला बसली, चौथीच्या पोराला शिकवावं तसं. "तुम्ही आम्हाला एकाच पिशवीत भरलंत, ताई. मला बाया आवडतात, मनानेही आणि शरीरानेही. मी समलैंगिक. काहींना दोन्ही आवडतात, ते उभयलैंगिक, ते लग्नाने बरे होत नाहीत कारण आजारी नसतातच. आणि त्याला ती ओढ कुणाबद्दलच नाही, शेवटी त्यानेच मला सांगितलं. त्यालाही शब्द आहे, अलैंगिक." मला दहावीच्या विज्ञानातलं अलैंगिक प्रजनन आठवलं, तो अमिबा आठवला, आणि मी मूर्खासारखी हसले. ती हसली नाही. मी आणखी विचारलं, म्हणजे तृतीयपंथी असतात तसंच का काहीतरी? ती म्हणाली, ते तर निराळंच. आपण स्वतः कोण आहोत ते एक, आणि आपल्याला कोण आवडतं ते दुसरं. मग म्हणाली, "शब्द विसरलात तरी चालेल. पण त्याला शरीर नको होतं म्हणून तुम्ही धरून चाललात की त्याला काहीच नको. त्याला तर सगळं हवं होतं. मला जे त्याला देता येत नाही, नेमकं तेच."

तो दापोलीचा मास्तर काय सांगत होता ते मला त्या दिवशी कळलं, आणि मिलिंद काय सांगत होता तेही. दोघांनी स्वच्छ मराठीत सांगितलं होतं.

त्या दोघांनी आपसात समजुतीने वेगळं व्हायचं ठरवलं. भांडण नव्हतं. पण आमच्यात कोर्टाच्या आधी मंडळाची बैठक होते, दोन्हीकडची माणसं विहारात बसतात आणि मध्यस्थाला बोलावलं जातं. मी गेले. दोघांत नवराबायकोचा संबंध नव्हता, एवढंच घरी कळलं होतं. सुजाताचे वडील उभे राहिले आणि म्हणाले की मुलगा लग्नाच्या लायकीचा नव्हता, हे लपवून त्याने आमच्या मुलीचं आयुष्य नासवलं. सुजाता खाली मान घालून बसली होती. ती बोलली असती तर तिचंही उघड झालं असतं, आणि तिच्या मैत्रिणीचंही. मिलिंदला सुजाताचं सगळं माहीत झालेलं होतं. एका वाक्यात त्याला आपली मान सोडवून घेता आली असती. तो बोलला नाही. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं.

मंडळाच्या अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही मध्यस्थ. मुलाने तुम्हाला लग्नाआधी काही सांगितलं होतं का?"

त्या सतरंजीवर चार घरं अशी बसली होती ज्यांच्या मुलामुलींचे फॉर्म माझ्याकडे होते. मे महिना तोंडावर होता. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही लग्न कसं लावलंत? कुणाचंही गुपित न फोडता मला एवढं सांगता आलं असतं, की मुलाने काही लपवलं नाही, चूक माझी आहे. मी म्हटलं, "नाही."

मिलिंदने मान फिरवली. त्याची आई बायकांच्या बाजूला बसली होती, तिने पदर तोंडाला लावला. त्यानंतर काय झालं ते गावागावांत होतं तेच झालं. त्याच्या पाठीमागे एक घाणेरडा शब्द चिकटला. पुढच्या जयंतीला विहाराचं लायटिंग दुसऱ्या मुलाकडे गेलं. मी त्या वर्षी विहाराबाहेर चपला काढताना माळा बघितल्या, तर निम्म्या लागत नव्हत्या. मी आत गेले, वंदना केली आणि घरी आले. माझं केंद्र छान चाललं होतं.

ते आणखी काही वर्षं चाललं. मग लोक मोबाईलवर बायोडाटा टाकायला लागले, जिना चढणं बंद झालं, त्यांचं आणि माझंही. गेल्या वर्षी मी खोली सोडायची ठरवली. लोकांचे फॉर्म रद्दीत द्यायचे नाहीत हा माझा नियम, म्हणून एकेक वाचून, फाडून, पाण्यात भिजवून लगदा करत होते. हिरवी झाली, लाल झाली. बाजूची फाईल शेवटी उघडली. मिलिंदचा फॉर्म होता, सुजाताचा होता, आणि त्या दोघांच्या मध्ये एक होता जो मी साफ विसरले होते.

ती एक नर्स होती. मिलिंदनंतर दोनच महिन्यांनी येऊन गेलेली. तीन-चार स्थळं दाखवली, तिने सगळी नाकारली, मग मीच कंटाळून तिच्या वडिलांना सांगून टाकलं की मुलगी तयार नाही, माझा वेळ घालवू नका. फॉर्म उलटा केला. मागे माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने, तिचे शब्द होते: "जेवायला समोर कुणीतरी हवं. दिवसभराचं सांगायला. बाकी नको."

मी खाली बसले. दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून परत परत वाचले. वर्षानुवर्षं ते एकाच फायलीत एकावर एक पडून होते. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना ऐकून घेते म्हणून मिरवलं, तिने दोघांचं बोलणं शब्दन् शब्द लिहून घेतलं होतं, आणि दोन्हीकडे वाचताना "नको" तेवढं वाचलं होतं. मला त्या पुढारलेपणाची लाज वाटली, अजून वाटते.

नर्सचा फोन लावला, तो दुसऱ्याच कुणाकडे होता. तिच्या गावी रिक्षा करून गेले. घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं की मुलीचं मुंबईकडे लग्न करून दिलं होतं, ते वर्षभरही टिकलं नाही, मग ती नोकरीसाठी कुठेतरी लांब गेली आणि आईवडिलांनाही घेऊन गेली. पत्ता कुणाकडे नव्हता.

मग मिरजोळ्याला गेले. तीन दिवस जाऊ की नको करत होते. मिलिंदने दार उघडलं, मला ओळखलं, आत या म्हणाला. केस पिकले होते. ते गोल टेबल अजून होतं आणि दोन्ही खुर्च्याही. एका खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, तो त्याने उचलून खाली ठेवला आणि मला तिथे बसवलं.

मी माफी मागितली. जी वाक्यं रिक्षात पाठ केली होती ती सगळी विसरले. मग पिशवीतून तो फॉर्म काढला. नाव, गाव, फोटो असलेला वरचा भाग मी आधीच कापून टाकला होता, कारण तिचं गुपित मला याच्यापाशीही फोडायचं नव्हतं. उरलेला कागद उलटा करून त्याच्यापुढे ठेवला.

त्याने चष्मा लावून वाचलं. तीनच ओळी होत्या, पण त्याला बराच वेळ लागला. "ही रत्नागिरीतच होती?" त्याने विचारलं. मी मान हलवली. "तेव्हाच?" मी परत मान हलवली. मग तो म्हणाला, "नाव सांगू नका, मावशी." चष्मा काढला आणि म्हणाला, "मला वाटत होतं की असा मी एकटाच." त्याने कागदाची घडी घातली, परत उलगडली आणि माझ्याकडे दिली. मला रडू आवरेना. त्याने उठून चहा ठेवला.

चहा पिताना मी त्याला विचारलं की मी आता काय करू, तुझ्यासाठी काहीतरी करू दे. जे मोडलंय त्याला काही करता येणार नव्हतं, ते मलाही कळत होतं, तरी विचारलं. सुजाता बरी आहे, असं त्याने सांगितलं. ती आणि तिची मैत्रीण पुण्याला असतात, दर वर्षी जयंतीला तिचा फोन येतो. तिच्यावर त्याचा राग नाही. माझ्यावर आहे का, हे मी विचारलं नाही.

मग तो म्हणाला, "मंडळाला काय वाटतं ते वाटू दे. पण आई अजून म्हणते, पोरा, तू त्या मुलीला फसवलंस. गावी गेलो की जेवताना मधेच म्हणते. मी किती वेळा सांगितलं, मी आधी सांगितलं होतं. ती म्हणते, मग बाय विहारात 'नाय' का म्हणाली?"

मी म्हटलं, मी आत्ता गावी येते, तिच्यासमोर सांगते. तो म्हणाला, आईला हल्ली ऐकू कमी येतं आणि तुम्हाला बघून ती भडकेल. त्यापेक्षा लिहा. छापलेल्यावर तिचा विश्वास आहे. सुजाताला त्याने त्याच दिवशी माझ्यासमोर फोन लावला, ती म्हणाली, नावं बदला आणि लिहा. बाबा आता नाहीत, मला कुणाची भीती नाही.

हा अंक निघाला की मिलिंद तो गावी घेऊन जाणार आहे आणि आईला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तेव्हा शेवटचे चार शब्द त्यांच्यासाठी.

वहिनी, त्या दिवशी विहारात मला सर्वांसमोर विचारलं होतं आणि मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. तुमच्या मुलाने लग्नाच्या आधी, माझ्या खोलीत, माझ्यासमोर बसून मला सगळं सांगितलं होतं, आणि जी येईल तिलाही सांगा म्हणाला होता. मी सांगितलं नाही. त्याने कुणाला फसवलं नाही.